विश्लेषण : घडीचा महागडा चाकू घेण्यासारखा असतो का? ‘स्विस आर्मी नाइफ’चे जनक कार्ल एल्सनर यांच्या आयुष्यात दडले आहे उत्तर

वाशिम : सोयाबीनच्या पोत्याची शिलाई उसवायची, ठिबकची नळी कापायची, बांधावर बसून पेरू चिरायचा, नाहीतर कुरिअरने आलेल्या खोक्याची टेप काढायची. अशा कामांसाठी वाशिम जिल्ह्यात शेतकऱ्यापासून दुकानदारापर्यंत अनेकांच्या खिशात घडीचा चाकू असतो. आठवडी बाजारात तो शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. मोबाइलवर मात्र आता त्याच कामाचे काही हजारांचे चाकू दिसू लागले आहेत. टायटॅनियमची मूठ, पावडर स्टीलचे पाते, एका हाताने उघडण्याची सोय असे बरेच काही त्यांच्या वर्णनात असते.

हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे? रोजच्या वापराचा चाकू पारखायचा कसा? सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधील एका कारागिराचे सगळे आयुष्य याच प्रश्नावर पणाला लागले होते. त्यांचा चाकू चांगला होता, पण महाग पडत होता. त्यापायी ते दिवाळखोरीच्या दारापर्यंत गेले. त्यांचे नाव कार्ल एल्सनर. जगभर ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणून ओळखला जाणारा चाकू ही त्यांचीच देणगी.

कार्ल एल्सनर कोण होते?

एल्सनर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८६० चा. घरचा धंदा टोप्यांचा. आई व्हिक्टोरिया टोप्यांचे दुकान सांभाळत असत. कार्ल यांनी मात्र टोप्या सोडून पोलादाची वाट धरली. झुग या गावात त्यांनी चाकू-सुऱ्या बनवण्याचे रीतसर शिक्षण घेतले. त्या काळी युरोपातील कारागीर शिकून झाल्यावर काही वर्षे गावोगावच्या कारखान्यांत काम करत हात बसवत असत. एल्सनरही पॅरिसला आणि दक्षिण जर्मनीतील टुटलिंगन या गावी गेले. टुटलिंगन हे शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी आजही प्रसिद्ध आहे.

शस्त्रक्रियेचे हत्यार बनवणाऱ्याला मोजमापात सूट नसते. पाते किती पातळ हवे, धारेचा कोन किती, पाणी किती द्यायचे, हे सगळे ठरलेले असते. पुढे खिशातला साधा चाकू बनवतानाही एल्सनर यांनी मापांचा हाच काटेकोरपणा ठेवला.

कारखाना ईबाखमध्येच का?

१८८४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, एल्सनर यांनी श्वीत्स परगण्यातील ईबाख या गावी स्वतःचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे ओढ्याकाठची एक कार्यशाळा. टोबेलबाख नावाच्या ओढ्यावर पाणचक्की होती आणि तिच्यावर धार लावण्याचे व पॉलिश करण्याचे दगड फिरत. सुरुवातीच्या काळात आई व्हिक्टोरिया यांनी त्यांना धंद्यात मदत केली.

आज स्वित्झर्लंड म्हटले की श्रीमंती आठवते. त्या काळचा श्वीत्स परगणा मात्र गरीब होता. डोंगराळ जमीन, तुटपुंजी शेती, कामाची टंचाई. पोटापाण्यासाठी तरुण देश सोडून परदेशाची वाट धरत होते. वाशिममधून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांची गर्दी पाहिलेल्यांना ही परिस्थिती समजावून सांगायला नको. आपल्या गावातच काम तयार करायचे, हा एल्सनर यांचा हेतू होता. कामाची मोठी आणि कायमची मागणी असल्याशिवाय ते शक्य नव्हते. तशी मागणी लष्कराकडून येण्याची चिन्हे दिसू लागली.

लष्कराला घडीचा चाकू कशासाठी हवा होता?

१८८९ मध्ये स्विस लष्कराने नवी श्मिट-रुबिन रायफल स्वीकारली. ती साफसफाईसाठी खोलायची तर स्क्रू-ड्रायव्हर लागत असे. शिवाय सैनिकांना डबाबंद अन्न मिळू लागले होते, म्हणजे डबा फोडायलाही काहीतरी हवे. प्रत्येक गोष्ट वेगळी देण्यापेक्षा एकाच चाकूत सगळे बसवायचे ठरले.

अशा रीतीने ‘मॉडेल १८९०’ हा सैनिकी चाकू ठरला. त्यात एक पाते, एक टोच्या, डबा फोडणी आणि स्क्रू-ड्रायव्हर एवढ्याच चार गोष्टी होत्या. मूठ गडद रंगाच्या ओक लाकडाची होती. प्रत्येक अवजारामागे सैनिकाचे एक ठरलेले काम होते. शोभेचे त्यात काही नव्हते.

खरेदीदारासाठी पहिला धडा इथेच मिळतो. चाकू बघण्याआधी आपली कामे मोजावीत. रोज पोती आणि नळ्या कापणाऱ्याला एक चांगले पाते पुरते. मोटारपंपाच्या पेटीशी झटापट करणाऱ्याला स्क्रू-ड्रायव्हर लागतो. वीस अवजारांच्या जाडजूड चाकूतली सतरा अवजारे कधी उघडलीच जाणार नसतील, तर ते खिशातले फुकटचे ओझे ठरते.

चांगला चाकू बनवूनही एल्सनर कर्जात का बुडाले?

चाकू स्विस लष्करासाठी होता, पण एवढ्या मोठ्या संख्येने तो बनवू शकेल असा एकही कारखाना तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. त्यामुळे पहिले सुमारे १५ हजार चाकू जर्मनीतील झोलिंगन येथील वेस्टर अँड कंपनीकडून घेण्यात आले. आपल्या सैनिकाच्या खिशात परक्या देशाचा चाकू असावा, हे एल्सनर यांना पटले नाही.

एकट्याच्या बळावर हे काम होणारे नव्हते. म्हणून त्यांनी देशभरातील चाकू कारागिरांना एकत्र आणून संघटना उभी केली. काम वाटून घ्यायचे आणि ऑर्डर मिळून पूर्ण करायची, अशी ती योजना होती. १८९१ मध्ये या कारागिरांचे चाकू लष्कराच्या हाती पडले.

पण आनंद फार टिकला नाही. झोलिंगनमध्ये मोठी यंत्रे होती. तिथे तोच चाकू कमी खर्चात तयार होत होता, तर इकडे छोटे कारागीर बरेच काम हाताने करत होते. दरात टिकाव लागेना, तशी एकेका कारागिराने माघार घेतली. एल्सनर मात्र मागे हटले नाहीत. तोटा सोसून ते चाकू देत राहिले. जवळची पुंजी संपली, कर्ज वाढले आणि दिवाळे निघायची वेळ आली. नातेवाईक मदतीला धावले म्हणून कारखान्याला कुलूप लागले नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. लष्कराने चाकूचा नमुना ठरवून दिला होता. दोन्हीकडचा चाकू सारखाच असेल, तर ग्राहक स्वस्त चाकूच घेणार, यात ग्राहकाची चूक नाही. आजही केवळ नाव मोठे आहे म्हणून जास्त पैसे मोजणे शहाणपणाचे नाही. बाजारातल्या शंभर रुपयांच्या चाकूपेक्षा नेमके काय वेगळे मिळते, हे दाखवता आले तरच जास्तीची किंमत पटते. एल्सनर यांनाही हे उत्तर शोधावे लागले.

१८९७ मध्ये असे काय बदलले?

अडचणीच्या त्या वर्षांत एल्सनर यांनी शेतकरी, विद्यार्थी अशा वेगवेगळ्या ग्राहकांसाठी चाकू बनवले. जोडीला अधिकाऱ्यांसाठी हलका, देखणा आणि जास्त कामांचा चाकू तयार करण्याची खटपट सुरू होती. अडचण होती ती स्प्रिंगची.

घडीच्या चाकूत पाते उघडे राहते किंवा मिटलेले राहते ते पाठीमागच्या पट्टीच्या स्प्रिंगमुळे. पाते फिरवताना ही पट्टी किंचित वाकते आणि जागेवर येताच टक् असा आवाज करून पात्याला धरून ठेवते. अवजारे वाढली की स्प्रिंग वाढतात, त्यामुळे जाडी आणि वजन वाढते. सैनिकी चाकू तसा जडच होता.

एल्सनर यांनी स्प्रिंगच्या दोन्ही बाजू कामाला लावल्या. पुढच्या बाजूला नेहमीप्रमाणे पाती आणि डबा फोडणी, तर पाठीकडच्या बाजूला टोच्या आणि बाटलीचे बूच काढायचा मळसूत्री आकडा. एकच स्प्रिंग पुढचे अवजारही धरते आणि मागचेही. अशा केवळ दोन स्प्रिंगवर सहा अवजारे बसली. मोठ्या पात्याच्या जोडीला लहान पातेही आले आणि चाकू हलका झाला.

१२ जून १८९७ रोजी या ‘ऑफिसर्स अँड स्पोर्ट्स’ चाकूची कायदेशीर नोंदणी झाली. लष्कराने तो अधिकृत साहित्यात घेतला नाही. पण अधिकाऱ्यांनी तो स्वतःच्या खिशातून पैसे देऊन घेतला आणि पाठोपाठ सामान्य लोकही घेऊ लागले. सरकारी ऑर्डरवर तोटा झालेला कारखाना ग्राहकांच्या पसंतीवर सावरला. दरात हरलेल्या एल्सनर यांना रचनेने तारले.

आईचे नाव पात्यावर कसे आले?

१९०८ पासून लष्कराने चाकूंचे काम दोघांत विभागले. जर्मन भाषक भागातील एल्सनर यांच्याकडे निम्मे आणि फ्रेंच भाषक भागातील डेलेमाँ येथील वेंगर कंपनीकडे निम्मे. ही स्पर्धा जवळजवळ शंभर वर्षे चालली. २००५ मध्ये एल्सनर यांच्या कंपनीने वेंगर विकत घेतली.

१९०९ मध्ये आई व्हिक्टोरिया यांचे निधन झाले. पाणचक्कीच्या दिवसांत पाठीशी उभ्या राहिलेल्या आईचे नाव एल्सनर यांनी कारखान्याच्या मालाला दिले. त्याच वर्षी ढालीवर क्रूस हे चिन्ह नोंदवण्यात आले. चाकू लोकप्रिय झाला की नकला निघतात. नाव आणि चिन्ह ही ग्राहकाला असली माल ओळखण्याची खूण ठरली. मालात दोष निघाला तर कुणाला धरायचे, हेही त्या खुणेवरून कळत होते.

२६ डिसेंबर १९१८ रोजी, पहिले महायुद्ध संपून दीड महिना झाला असताना, एल्सनर यांचे ईबाख येथे निधन झाले. ते ५८ वर्षांचे होते.

व्हिक्टोरिनॉक्स हे नाव कुठून आले?

हे नाव एल्सनर यांनी ऐकलेच नाही. त्यांच्या हयातीतील चाकूंची पाती साध्या कार्बन पोलादाची होती. अशा पात्याला धार झकास लागते, पण कैरी किंवा लिंबू चिरून पुसले नाही तर ते काळे पडते आणि ओलाव्यात गंजते. आपल्या लोहाराने पाजवून दिलेल्या विळ्याचा अनुभव हाच आहे.

१९१३ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियमयुक्त, सहजी न गंजणारे पोलाद तयार केले. एल्सनर यांच्या वारसांनी ते चाकूसाठी घेतले. फ्रेंचमध्ये अशा पोलादाला ‘इनॉक्सिदाब्ल’ म्हणतात. त्यातले ‘इनॉक्स’ आईच्या नावाला जोडून १९२१ मध्ये ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी हे चाकू मोठ्या संख्येने घरी नेले. जर्मन नाव उच्चारायला अवघड, म्हणून ‘स्विस आर्मी नाइफ’ हे नाव रूढ झाले.

पोलाद जितके कडक तितके चांगले का?

नाही. जाहिरातींत पोलादाची कडकी ‘एचआरसी’ म्हणजे रॉकवेल मापात देतात. ठरावीक भाराखाली हिऱ्याचे टोक पोलादावर दाबतात आणि ते किती खोल रुतले त्यावरून आकडा काढतात. आकडा मोठा तितके पोलाद कडक.

कडक पात्याची धार जास्त दिवस टिकते. पण कडकी वाढली की ठिसूळपणाही वाढतो, म्हणजे धारेचे कंगोरे उडण्याची शक्यता वाढते. शिवाय अशा पात्याला पुन्हा धार लावणे कष्टाचे असते. व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूत मोठ्या पात्याची कडकी ५६, स्क्रू-ड्रायव्हरची ५२ आणि स्प्रिंगची ४९ एचआरसी ठेवतात. स्क्रू-ड्रायव्हरला पीळ सोसायचा असतो, स्प्रिंगला हजारो वेळा वाकायचे असते. ज्याचे जसे काम, तशी त्याची कडकी.

महागड्या चाकूंतील पावडर स्टील बहुधा ६० एचआरसीच्या आसपास असते. धार टिकते, पण ती गेल्यावर घरच्या साध्या दगडावर ती परत आणताना हात दुखून येतात. त्यासाठी हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. ती घ्यायची आणि वापरायची तयारी नसेल, तर मध्यम कडकीचे पाते रोजच्या वापराला सोयीचे.

मग महागडा चाकू पारखायचा कसा?

एल्सनर यांच्या वाटचालीतून निघणाऱ्या कसोट्या आजही लागू पडतात. चाकू हातात आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी, पुढील गोष्टी तपासाव्यात.

• पात्याची जाडी : धारेच्या मागे पाते पातळ असेल तर ते कापते, जाड असेल तर फोडते. सफरचंद चिरून पाहावे. फोड सरळ निघण्याऐवजी कडकन तुटली, तर पाते रोजच्या कामासाठी जाड आहे.

• धार : पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर जोर न देता पाते ओढावे. साल दाबली न जाता कापली गेली पाहिजे. त्यानंतर सुतळीचे वीस-पंचवीस तुकडे करून पुन्हा टोमॅटोवर पाहावे. पहिल्या दिवशी सगळेच चाकू कापतात, फरक सुतळीनंतर कळतो.

• बिजागरी : पाते उघडून डावी-उजवीकडे हलवून पाहावे. खटखट हलत असेल तर चाकू परत करावा. मिटल्यावर पाते दोन्ही भिंतींच्या मध्ये बसले पाहिजे, एका बाजूला घासता कामा नये.

• स्प्रिंग की खटका : एल्सनर यांच्या पद्धतीच्या चाकूत पाते केवळ स्प्रिंगच्या दाबावर थांबते. टोकाने जोर लावला तर ते बोटांवर मिटू शकते. जोराची कामे असतील तर खटका असलेला, म्हणजे उघडल्यावर पाते अडकून बसणारा चाकू बरा. बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याच्या पाठीवर हलका दाब द्यावा. खटका सरकला तर तो चाकू घेऊ नये.

• मूठ : चाकू घट्ट धरून दहा मिनिटे काहीतरी कापत बसावे. टायटॅनियम हलके असते, गंजत नाही, पण त्याने पाते जास्त कापत नाही. घामेजल्या हातातून न निसटणारी मूठ महत्त्वाची.

• धार लावण्याची सोय : धार लावणाऱ्याच्या फिरत्या चाकावर महागडे पाते देऊ नये. जास्त तापले तर पात्याचे पाणी उतरते. घरच्या दगडावर पाणी घालून, दोन्ही बाजूंनी साधारण १५ ते २० अंशांचा कोन ठेवून धार लावावी.

• दुरुस्ती आणि खूण : स्क्रू सैल झाला, स्प्रिंग तुटली तर भारतात दुरुस्ती कुठे होते, हे आधी विचारावे. पात्याच्या मुळाशी कंपनीचे नाव स्पष्ट कोरलेले आहे का, ते पाहावे. पुसट ठसा आणि अविश्वसनीय सवलत दिसली तर नक्कल समजावी.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांचा धारदार शस्त्रांत समावेश आहे. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. खिशातला घडीचा चाकू या मापापेक्षा बराच लहान असतो. मात्र सण, निवडणूक किंवा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू झाला, तर चाकू जवळ बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. अशा वेळी तो घरीच ठेवावा. विमानात तो हातातल्या पिशवीत चालत नाही, चेक-इन सामानात द्यावा लागतो. आणि बटण दाबताच उघडणारे चाकू रोजच्या कामाला लागत नाहीत, उलट पोलिसांच्या चौकशीला निमंत्रण देतात.

तर मग घ्यावा की नाही?

वर्षातून चार वेळा चाकू लागत असेल, तर बाजारातला साधा चाकू पुरेसा आहे. गंजला, हरवला तरी हळहळ नाही. रोज पाच-दहा वेळा चाकू निघत असेल, तर पातळ पाते, न हलणारी बिजागरी, विश्वासाचा खटका किंवा स्प्रिंग आणि दुरुस्तीची सोय यांसाठी दिलेले जास्तीचे पैसे वसूल होतात. त्यापुढची रक्कम बहुतेक वेळा दुर्मीळ धातू, नक्षी आणि हौस यांची असते. हौस असेल तर जरूर घ्यावा, फक्त तो जास्त कापतो म्हणून घेतला असे समजू नये.

एल्सनर यांच्याकडून चाकू घेणाऱ्या त्या अधिकाऱ्यांना लष्कराचा चाकू सहज मिळत होता. तरी त्यांनी पदरचे पैसे देऊन दुसरा घेतला, कारण तो खिशात हलका होता आणि जास्त कामे करत होता. खरेदीचे बटण दाबण्याआधी आपल्या चाकूबद्दल तेवढे सांगता येते का, हे बघितले तरी पुरे.